एक पावती मिटली की सगळा प्रोग्रामच बंद!

आजचा विषय जुना आहे, पण चिमूरमध्ये अजून रोज चालतो. इथल्या एका राईस मिलमध्ये काटा-पावत्यांचा विंडोजवरचा प्रोग्राम आहे. मोठ्या खिडकीच्या आत प्रत्येक शेतकऱ्याची पावती वेगळ्या खिडकीत. हंगामात सात-आठ तर उघड्याच असतात. मालक म्हणाले, "एकाची पावती बंद केली का सगळंच बंद होते भाऊ." सेव्ह न केलेली वजनं गेली, म्हणजे धान पुन्हा काट्यावर.

कोड उघडला. विंडो क्लास दोन होते, पण दोघांना विंडो प्रोसिजर एकच दिलेली. तिच्यात डब्ल्यूएम-डिस्ट्रॉय आला की पोस्ट-क्विट-मेसेज. आतली खिडकी मिटतानाही हाच मेसेज येतो, मग खेळ खल्लास.

तर प्रोसिजर वेगळ्या ठेवा. बाहेरच्या फ्रेमचे उरलेले मेसेज डेफ-फ्रेम-प्रॉककडे, आतल्या चाइल्डचे डेफ-एमडीआय-चाइल्ड-प्रॉककडे. पोस्ट-क्विट-मेसेज फक्त फ्रेममध्ये. मधल्या क्लायंट खिडकीचा 'एमडीआयक्लायंट' क्लास विंडोज आयताच देते, तो रजिस्टर करायचा नाही.

आता माझ्या मते खरी जागा. चाइल्डचा क्लास भरताना सीबी-डब्ल्यूएनडी-एक्स्ट्रामध्ये एका पॉइंटरइतकी जागा मागा. क्लास सगळ्या पावत्यांचा एक, पण ही जागा प्रत्येक खिडकीला स्वतंत्र मिळते. त्या पावतीच्या माहितीचा पॉइंटर तिथे ठेवायचा. या प्रोग्राममध्ये वजन ग्लोबल व्हेरिएबलमध्ये होतं. म्हणजे एकाचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर छापलं जायची सोय!

मेसेज लूप पुढच्या भागात. कंट्रोल-एफ ४ नं फक्त आतली खिडकी मिटायला तिथं ट्रान्सलेट-एमडीआय-सिस-अ‍ॅक्सेल लागतं.