पाहिले ते सांगा, वाचून सही करा

मंडळी, आज आपण गावातल्या दांडगाईविषयी बोलू. दांडगाई म्हणजे खून नव्हे की दरोडा नव्हे. पारावर बसून पोरीबाळींना टोचून बोलणे, दारू पिऊन शिवीगाळ करीत आळीतून हिंडणे, शाळेच्या खिडक्या फोडणे, नळाची तोटी काढून नेणे, अशा या गोष्टी. एकेक पाहिली तर लहान. पण रोज सोसावी लागली की माणूस जेरीस येतो. चांगली शिकणारी मुलगी शाळा सोडून घरी बसते, तिच्या घरी विचारावे. बहुतेक वेळा अशीच एखादी लहान गोष्ट निघते.

वर्गात हा विषय काढला की आम्हांला ठरलेले उत्तर मिळते, "आपण कशाला वाईट व्हायचं? उद्या त्याच माणसाला तोंड दाखवायचंय." हे भय खोटे नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याचा बांध आपल्या बांधाला लागून असतो. त्याच्याच चुलत्याकडे आपण मजुरीला जातो. बाहेरच्याने येऊन 'भिऊ नका' म्हणणे सोपे आहे. म्हणून आम्ही सांगतो, एकट्याने जाऊ नका. चार घरांनी मिळून जा, आणि त्यांत दोघी तरी बाया असू द्या. एका माणसाशी वैर धरता येते, सगळ्या आळीशी धरणे जड जाते.

जायचे कोणाकडे? आधी पोलीस पाटलाकडे. पूर्वी पाटीलकी बापाकडून मुलाकडे जाई. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी गेली. आता १९६७ च्या कायद्याप्रमाणे सरकार पोलीस पाटील नेमते. काही गावांत बाईमाणूसही पोलीस पाटील आहे. गावातली खबर ठाण्याला कळवणे हे पोलीस पाटलाचे कामच आहे, ती मेहेरबानी नव्हे. मारामारी चालूच असेल तर मात्र वाट बघू नका, फोनवर ११२ लावा.

गावात तंटामुक्ती समितीही असते. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बांधाचा वाद, सांडपाण्याचे भांडण समितीपुढे समजुतीने मिटले तर उत्तमच. पण मुलीचा पाठलाग केला, अंगाला हात लावला, तर तिथे "पोरगं आहे, समज देऊन सोडू" हे चालायचे नाही. तो दखलपात्र गुन्हा आहे. त्याची जागा ठाण्यात.

आता ठाण्यातली गोष्ट नीट ऐका. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद तोंडी सांगितली तरी पोलिसाने ती लिहून घ्यायची, फिर्याद देणाराला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि नक्कल फुकट द्यायची. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, एवढ्यासाठी परत पाठवायचे नाही. फिर्याद घेतलीच नाही तर तीच हकीकत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला टपालाने पाठवता येते.

नुसती शिवीगाळ वा दमदाटी पुष्कळदा अदखलपात्र ठरते. तिची वहीत नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास होत नाही. लोक चिडून म्हणतात, "नुसती एनसी केली अन् घरी पाठवलं." आमचे म्हणणे, तीही नोंद करून घ्यावी आणि तिचा कागद जपून ठेवावा. पुढे मोठे काही घडले, तर हे आजचे नाही हे दाखवायला तोच कागद असतो.

आणि एक. इतकी वर्षे काय चालत आले? दुसऱ्याने लिहायचे आणि आपण खाली अंगठा उठवायचा. सांगितले एक, लिहिले भलतेच, असेही होते. आता तुम्हांला अक्षर येते. वेळ लागला तरी लागू द्या, बोट ठेवून ओळ न ओळ वाचा. "हे मी बोललो नाही" असे म्हणायला लाजू नका. मग सही करा.

सांगताना मात्र पाहिले तेवढेच सांगा. ऐकीव गोष्टीने काय अनर्थ होतो, तो धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला झाला. साक्री तालुक्यातले हे गाव. १ जुलै २०१८, रविवारचा बाजार. मुले पळवणारी टोळी आल्याची आवई फोनवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत आली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. टोळी नव्हतीच. संशय आला होता, तर पोलिसांना कळवून थांबायचे होते. पाचही जण जिवंत घरी गेले असते.

वाळीत टाकण्याचेही तसेच. "त्याचं पाणी तोडा, लग्नाला बोलवू नका" असे गावकीने ठरवणे हाच आता गुन्हा आहे. २०१६ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दांडगटाला आवरायला जाऊन आपणच आरोपी व्हायचे, हा कोणता शहाणपणा?

बरे, आता वह्या काढा. फळ्यावर एक अर्ज लिहिला आहे, तो उतरवून घ्या.

"पोलीस पाटील यांस, वरच्या आळीतील खाली सह्या करणारांचा अर्ज. काल सोमवारी मारुतीच्या पारावर तिघे जण दारू पिऊन बसले होते. नळावर जाणाऱ्या बायकांना त्यांनी शिव्या दिल्या. एकाने एका बाईची घागर लाथेने पाडली. हे आम्ही चौघांनी स्वतः पाहिले. तिघांची नावे खाली दिली आहेत. तरी ठाण्याला कळवावे."

यात वार आहे, जागा आहे, कोणी पाहिले तेही आहे. एक गोष्ट आम्ही मुद्दाम गाळली आहे. पोलीस ती आधी विचारतील. पुन्हा वाचा, आणि सापडेल त्याने फळ्यावर येऊन लिहावी.