जुन्या वह्यांचा फैसला

गेल्या महिन्यात बिऱ्हाड हलविताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरविली, तेव्हा डांबराच्या गोळ्यांच्या वासासरशी माझ्या एम. ए.च्या अभ्यासाच्या अकरा वह्या बाहेर आल्या. शाई तपकिरी पडली होती, कडांना कसर लागली होती, आणि नव्या घरात जागा बेताचीच असल्यामुळे या दफ्तराचा फैसला त्याच दुपारी करणे प्राप्त होते.

सगळ्या रद्दीत घालाव्यात असेच प्रथम मनात आले. कारण संस्कृत व्याकरणाचे जे नियम मी रात्री जागून त्यांत उतरविले होते, ते काळे आणि आपटे यांच्या छापील ग्रंथांत कितीतरी शुद्ध स्वरूपात उपलब्ध आहेत. परंतु सहाव्या वहीत, सत्-षष्ठीच्या प्रकरणाशेजारी, समासात पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी दिसल्या आणि हात थांबला. रडणाऱ्या माणसाला न जुमानता कोणी निघून गेला, तर त्या रडणाऱ्याला षष्ठी लागते व तिचा अर्थ अनादर, एवढे पुस्तक सांगते. आमचे प्राध्यापक मात्र त्या दिवशी खडू खाली ठेवून म्हणाले होते की, जाणाऱ्याने ज्याची पर्वा केली नाही, त्याच्यासाठी वाक्याने जागा राखून ठेवली आहे, हे विसरू नका. ते आज हयात नाहीत, आणि त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही.

याच सत्-षष्ठीवर १८८० साली लाइप्झिग येथे प्रबंध सादर करणाऱ्या फेर्दिनां द सोस्यूर या पंडिताने पुढे जिनीव्हा विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात सामान्य भाषाशास्त्रावर तीनदा व्याख्यानमाला दिली. त्या विषयावर ग्रंथ न लिहिताच १९१३ साली तो निवर्तला, आणि शोधू जाता त्याची स्वतःची टिपणे फारशी हाती लागेनात. तेव्हा शार्ल बाय्यी व अल्बेर सेशे या, त्या व्याख्यानांना स्वतः हजर नसलेल्या, सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या मिळवून, एकीचा मजकूर दुसरीशी ताडून १९१६ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावर आधुनिक भाषाशास्त्राचा मोठा भाग उभा आहे. माझ्या वहीची योग्यता तशी आहे असे मी म्हणत नाही. पण ग्रंथांतून उतरविलेले आणि गुरुमुखातून ऐकलेले यांत भेद करावा, एवढा दाखला मला त्यातून मिळाला.

त्याप्रमाणे नऊ वह्या रद्दीवाल्याच्या तागडीत गेल्या व दोन राहिल्या. त्या दोहोंवर प्राध्यापकांचे नाव नव्हते, सालही नव्हते. विद्यार्थिदशेत ते लिहिण्याची गरजच वाटली नव्हती. ते मी आता पहिल्या पानावर शाईने लिहिले आहे. आपल्याही घरी अशी ट्रंक असेल, तर रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी निदान समास तेवढे वाचून पाहावेत, आणि जी वही ठेवाल तिच्यावर शिकविणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे, ही माझी विनंती आहे.