महिनाभराचं बिऱ्हाड



गेल्या हिवाळ्यात नातीबरोबर पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये, साधना फॉरेस्टला महिनाभर राहिलो. 2003 साली ही सुमारे 70 एकर जमीन उजाड होती, पावसाचं पाणी मातीसकट वाहून जायचं. त्यांनी बांध घातले, चर खणले, तिथलीच देशी झाडं लावली. आज तिथे जंगल आहे.

राहायला झावळ्यांची झोपडी, वीज सौर, जेवणात दूध-दहीसुद्धा नाही. सकाळी सगळ्यांनी मिळून कामं करायची. माझे गुडघे बघून मला भाजी चिरायला बसवलं! शौचालय कोरडं, वर भुसा टाकायचा, पुढे त्याचं खत होतं. आधी मी नाक मुरडलं, पण घाण वास काही आला नाही. बारीक भोकाच्या पेल्यातल्या पाण्यात हात स्वच्छ होतात, हे पंच्याहत्तरीत कळलं.

आता एक कबुली. मी खजिनदार असताना बी विंगमधल्या एका वहिनींनी ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्याचा प्रस्ताव आणला होता. 'अनावश्यक खर्च' असा शेरा मारून मी तो फेटाळला. वहिनी आज नाहीत. माफी मागायची राहून गेली.

येत्या वार्षिक सभेत तोच प्रस्ताव मी मांडणार आहे. पहिल्या वर्षाचा खर्च माझा, आणि रोज सकाळी खत खालीवर करायला मी हजर राहीन.

सूचक मी आहेच. अनुमोदक तुम्ही व्हा.