समाजशास्त्राने पोट भरते काय?
(खराडी येथे पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



बी. ए. ला समाजशास्त्र हा मुख्य विषय घेते, असे मुलीने म्हटले की घरात पहिला सवाल निघतो, "ह्याने पोट भरेल काय?" घामाच्या पैशाने फी भरणाराने हे विचारलेच पाहिजे. नुसत्या पदवीवर नोकरी मांडून ठेवलेली नाही, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो.

मग हे शास्त्र कशाला? एक दाखला ऐका. शेतकरी आळशी व उधळ्या म्हणून बुडतो, असे शहाणे लोक म्हणत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी पिंपळे सौदागर गावची बारकाईने पाहणी करून ती १९१७ साली छापली. तेव्हा दिसले की, १७७१ साली खात्यामागे सरासरी ४० एकर असलेली जमीन वाटण्या होत होत १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती! शिवीला उत्तर हिशेबाने मिळाले.

जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याच्या दैन्याची कारणे उघडी केली. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचून दाखविले की, जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म आहे. मुंबई विद्यापीठात ह्या विषयाचा विभाग निघाला तो त्यानंतर, १९१९ साली.

आता आपली खराडी पाहा. १९९७ साली गाव महापालिकेत गेले. ज्वारीच्या रानात कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. जमिनीचा पैसा कोणाच्या घरी टिकला, कोणाचा उडाला? ज्यांना जमीनच नव्हती, त्या सुतार-लोहारांना काय मिळाले? बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर कशा झाल्या? हे आपल्या लेकरांनी लिहिले नाही, तर परके लिहितील, आणि त्यांना सोयीचे तेच लिहितील.

मात्र सोपा म्हणून किंवा गुण कमी पडले म्हणून हा विषय घेऊ नका. जोडीला संख्याशास्त्र व इंग्रजी पक्के करा. पुढे एम. ए. करून शिक्षकी, समाजकार्याचे शिक्षण, पाहणीची कामे अशा वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा परीक्षेतही हा ऐच्छिक विषय घेता येतो.

आणि आईबापांनो, मुलीने पहिला प्रश्न घरच्याच सातबाऱ्यावर विचारला, तर तिच्यावर डोळे वटारू नका. कागद काढून तिच्यापुढे ठेवा. तिचे शिक्षण तेथूनच सुरू होते.