पाला, काढा आणि शुगरची गोळी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी आयुष्यभर फार्मसी शिकवली. त्यामुळे जिन्यात भेटणारे विचारतात, "सर, शुगरवर कोणता पाला घेऊ?" आज सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

पाल्यात गुण आहेत, यात शंका नाही. शेतात विळा लागला की आपल्या खान्देशात बांधावरची कंबरमोडी चोळून रस लावतात. गुडमारचं पान चावून साखर तोंडात टाका, वाळूसारखी लागते. मेटफॉर्मिनच्या गोळीचं मूळही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीत आहे. पण त्या वनस्पतीतलं द्रव्य विषारी ठरलं. त्याच्या जवळचं, पण सुरक्षित औषध प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी पुढे आणलं.

हळदीचंच बघा. हळदीने जखम भरते, याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने लेखी पुरावे मांडले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीचं ज्ञान खरं होतं, पण कामी आला तो पुरावा.

प्रयोगशाळेत पाला सावलीत वाळवतात, दळतात, पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात आणि आधी उंदरांवर तपासतात. उंदराची साखर उतरली म्हणजे आपल्या आप्पांची उतरेलच, असं नाही. घरच्या काढ्यात तर द्रव्य किती उतरलं, हेच कळत नाही.

आता कळीचं सांगतो. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात काकू अनवाणी गच्चीवर पापड वाळत घालतात. शुगरने पाय बधिर झालेले असले, तर चटका कळत नाही. फोड येतो, त्यावर पाला बांधतात, आठ दिवस जातात. तोवर जंतू खोलवर पोचतात आणि बोट, कधी पाय कापायची वेळ येते.

म्हणून तीन गोष्टी पाळा. गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही मिळून साखर फार उतरली तर घाम, थरथर, चक्कर येते. रोज रात्री तळपाय बघा. जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मेथी, कारलं जेवणात खुशाल खा. सोसायटीच्या बागेत गुळवेल, कोरफडही लावू. पण सुवर्णमहोत्सवाला सगळ्यांनी आपल्या पायांनी चालत यायचंय, हे लक्षात ठेवा.