उतार बंद करणारी माणसं

आज एका अशा नोकरीविषयी बोलायचं आहे, जी आपल्या बीड जिल्ह्यात कुणी करत नाही. करणार कशी? आपल्याकडे बर्फ पडतो तो गारांचा, तोही हरभरा-गव्हाच्या ऐन काढणीत. पण हे काम समजून घेण्यासारखं आहे आणि ते आपल्या किती जवळचं आहे, हे बोलता बोलता ध्यानात येईलच. या कामाला स्की पेट्रोल म्हणतात.

पायाला लांब, अरुंद पट्ट्या अडकवायच्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं, हा स्कीइंगचा खेळ. भारतात त्याचं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण म्हणजे काश्मीरमधलं गुलमर्ग. तिथे डोंगरावर नेणारा पाळणा आहे, त्याला गोंडोला म्हणतात. त्याचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला. दुसरा टप्पा 2005 मध्ये झाला आणि माणसं थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर जाऊन उतरू लागली. आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1646 मीटरचं. त्याच्या दुपटीहून जास्त उंची, समोर सगळा मोकळा, खडा उतार आणि त्यावर न तुडवलेला बर्फ. या उतारावर आज माणसं सोडायची की नाही, हे ठरवण्यात ज्यांच्या शब्दाला वजन असतं ते स्की पेट्रोलवाले.

त्यांचा खरा शत्रू हिमस्खलन. बर्फ एका दिवसात साठत नाही. थर पडतो, मग चार दिवस आभाळ मोकळं, कडाक्याची थंडी, मग पुन्हा थर. त्या थंडीत तळाच्या बर्फाचे सुटे, खरबरीत दाणे होतात. आपण कारखान्यावर साखर पाहतो ना, तसे. मूठ आवळली तरी ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर रात्रीतून दोन फूट नवा बर्फ पडला, वाऱ्याने आणखी आणून टाकला, की वरून सगळं गुळगुळीत आणि सुंदर दिसतं आणि आत मात्र काही धरून ठेवणारं नसतं. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, तर एका माणसाच्या भारानेही वरचा थर फळीसारखा तुटतो आणि शेकडो टन बर्फ खाली येतो. जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी बहुतेक वेळा तो थर तोडणारा माणूस स्वतः त्यात सापडलेला असतो, नाहीतर त्याचा सोबती तरी.

म्हणून पेट्रोलवाल्यांचा दिवस पाळणा सुरू होण्याच्या आधी उजाडतो. रात्री बर्फ किती पडला, वारा कुठून वाहिला, पारा कुठवर उतरला, हे आधी बघायचं. मग उतारावर एक उभा खड्डा खणायचा आणि त्याची एक भिंत फावड्याने सरळ, स्वच्छ कापायची. त्या भिंतीत सगळ्या हिवाळ्याचे थर दिसतात. आता हाताने तपासायचं. थरात अख्खी मूठ शिरते का? नाही, तर चार बोटं? एक बोट? पेन्सिल? की चाकूच लागतो? कठीण थराखाली मूठ शिरणारा थर सापडला, की तिथेच कपाळाला आठी पडते. पुढे वीतभराहून थोडा रुंद असा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, त्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि त्यावर थापा मारायच्या. दहा थापा नुसत्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब तुटला आणि तुटताना वरचा तुकडा कसा सरकला, हे टिपून ठेवायचं. मनगटाच्या दोन-तीन थापांत खांब सपकन सरकला, तर त्या दिवशी तो उतार माणसांचा नाही. जगात बऱ्याच ठिकाणी पहाटेच सुरुंग टाकून असा बर्फ मुद्दाम खाली पाडतात, म्हणजे कोसळायचं ते कुणी नसताना कोसळून जावं.

मग दोर बांधायचा, खांब रोवायचे, पाटी लावायची: बंद.

मला हे काम मोठं वाटतं ते इथे. लोक हजारो रुपये मोजून, देशोदेशींहून आलेले असतात. रात्री नवा बर्फ पडलेला असतो आणि त्यांना तोच हवा असतो. सगळ्यात धोक्याचा दिवस आणि सगळ्यात जास्त मोह पाडणारा दिवस, हे दोन्ही एकच असतात. अशा सकाळी रांगेतल्या शंभर जणांना ‘आज नाही’ सांगायचं, त्यांच्या शिव्या ऐकायच्या, हॉटेलवाल्यांची नाराजी झेलायची आणि तरी दोर सोडायचा नाही. दोर बांधल्यामुळे कोण वाचलं, हे कुणालाच कधी कळत नाही. ज्याचा जीव वाचला त्यालाही नाही.

अपघात झालाच तर मात्र घड्याळाशी गाठ असते. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर तो वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून जाणते स्कीवाले अंगावर एक छोटं यंत्र बांधतात. ते सतत संदेश सोडत असतं आणि शोधणाऱ्याच्या यंत्रावर तो संदेश उमटतो. शिवाय सोबत लांब काठी आणि फावडं. हेलिकॉप्टर यायच्या आत, शेजारी उभा असलेला सोबतीच माणूस वाचवू शकतो. पाय मोडलेल्याला घसरगाडीवर बांधून खाली आणतात. पुढे एक पेट्रोलवाला दांडे धरून, आणि उतार खडा असेल तर मागे दुसरा दोर ताणून. संध्याकाळी पाळणा थांबला की हेच लोक वरून रांग धरून खाली येतात. मध्ये कुणी राहिलं नाही ना, झाडीत कुणी पडलं नाही ना, हे बघत आणि हाका मारत.

अमेरिकेत या कामाला संघटित रूप मिळालं ते एका मोडलेल्या घोट्यामुळे. 1936 साली अमेरिकेतल्या स्टो या गावी चार्ल्स मायनॉट डोल नावाचा माणूस स्की करताना पडला. उतारावर मदतीची काहीच सोय नव्हती. त्याला खाली आणायला धडपडलेल्या मित्राचाच पुढे दोन-तीन महिन्यांत स्कीच्या शर्यतीत मृत्यू झाला. डोल त्यानंतर स्वस्थ बसला नाही. 1938 मध्ये त्याच्या पुढाकाराने अमेरिकेची राष्ट्रीय स्की पेट्रोल संघटना उभी राहिली.

बर्फाशी आपला काय संबंध, असं म्हणायची सोय महाराष्ट्राला नाही. आपल्या गावागावांतली पोरं सैन्यात आहेत. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळच, लष्कराच्या युद्धशाळेचं प्रशिक्षण चालू असताना हिमस्खलन झालं आणि सतरा जवान गेले. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनमध्ये दहा जवान गाडले गेले, त्यात एक सातारा जिल्ह्यातला होता. हिमस्खलनाचा अभ्यास करून आधी इशारा देण्यासाठी आपल्या संरक्षण खात्याने 1969 मध्येच एक संस्थाही उभारली.

आता सह्याद्रीत या. इथे बर्फ नाही, पण कडे आहेत, दऱ्या आहेत, पावसाळा आहे. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, ही पोरं बिनपगारी आहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाची नोकरी. फोन आला की दोर, हार्नेस आणि स्ट्रेचर घेऊन निघतात. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा भर पावसात, अंधारात तो डोंगर चढून जाणाऱ्यांत असे गिर्यारोहक होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण आपण त्यांना बोलावतो ते घडून गेल्यावर. 30 जून 2024 ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्या दिवशीही बचावाची माणसं धावलीच. पाण्यात उतरण्याच्या आधी मात्र त्या कुटुंबाला कुणी अडवलं नाही.

हेच मला आपल्या सौताड्याबद्दल म्हणायचं आहे. पाटोदा तालुक्यातला आपला हा धबधबा, खाली दरीत रामेश्वराचं देऊळ. पाऊस लागला की रविवारी बीड, जामखेड, नगरहून गाड्या येतात. विंचरणेचं पाणी ज्या माळावरून येतं, तिथे वर पाऊस कोसळत असेल आणि दरीत ऊनही पडलेलं असेल, असं होऊ शकतं. खाली उभ्या माणसाला लोंढा येतोय हे कळत नाही. पण खुणा असतात. पाणी एकाएकी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, धारेचा आवाज जड होतो. यातली एक खूण दिसली तरी मोबाईल खिशात टाकून लगेच उंचावर यायचं. चपला, सामान, काही राहिलं तर राहू द्या. कड्याच्या टोकावरचा काळा पाषाण शेवाळाने निसरडा झालेला असतो, तिथे फोटोसाठी पाऊल टाकू नका. कपिलधारच्या धबधब्यालाही हेच लागू आहे.

स्की पेट्रोलकडून घ्यायचं ते एवढंच, आणि त्याला फार पैसा लागत नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार गावातलीच चार-सहा पोहणारी, दरीचा दगड न् दगड ओळखणारी पोरं नेमायची. त्यांना शिट्टी, दोर, फेकायची हवेची ट्यूब आणि एक अंगरखा द्यायचा. वर माळावर एक माणूस फोन घेऊन बसवायचा, पाणी वाढलं की त्याने खाली कळवायचं. आणि वाट बंद करायचा अधिकार ग्रामपंचायत, वन खातं आणि तहसील यांनी मिळून त्यांना लेखी द्यायचा, नाहीतर पुण्याच्या गाडीवाल्यापुढे त्यांचं कोण ऐकणार? आपदा मित्र या सरकारी योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं गेलं आहे. ज्या तरुणांना असं प्रशिक्षण हवं असेल त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करावी, आणि ती पावसाळा तोंडावर यायच्या आत करावी.