गळका सांधा आणि त्याची क्लिप

घाट चढतांना मोटार मध्येंच थांबते, पुढून वाफेचा लोट उठतो आणि आंतील मंडळी खालीं उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. अशा वेळीं दोष एंजिनांतच असतो असें नाहीं. पुष्कळदां तो असतो रेडिएटर व एंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशीं, तेथें बसविलेल्या एका क्षुद्र क्लिपेंत. पाणी गळून एंजिन तापलें कीं त्याचें हेड वांकतें, गॅस्केट फुटतें, आणि थोडक्या पैशांच्या वस्तूपायीं मालकास हजारोंचा भुर्दंड बसतो.

रेडिएटरच्या झांकणामुळें आंतला दाब बाहेरील हवेहून सुमारें १ बारनें अधिक राहतो. म्हणूनच एरवीं १०० अंशांस उकळणारें पाणी तेथें जवळजवळ १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. या दाबाला पहिली वाट सांपडते ती सैल सांध्यांतून.

सर्वपरिचित स्क्रूच्या क्लिपेचें पेटंट इंग्लंडांतील लमली रॉबिन्सन या आरमारी अधिकाऱ्यास १९२१ सालीं मिळालें. खांचा असलेली धातूची पट्टी आणि त्या खांचांत अडकून फिरणारा स्क्रू, एवढीच तिची रचना. परंतु आवळतां येतें म्हणून हवें तितकें आवळावें, ही समजूत घातक होय. रबर उष्णतेनें फुगतें, थंड होतांच आक्रसतें. अति आवळलेल्या पट्टीच्या खांचांत तें घुसतें व कापलें जातें. गळती थांबते ती बळानें नव्हे, तर सर्व बाजूंनीं सारख्या असणाऱ्या आणि टिकणाऱ्या दाबानें.

यास्तव विकत घेतांना पट्टीची आंतली बाजू बोटानें चांचपून पाहावी. आरपार खांचांच्या पट्टीपेक्षां, आंतून गुळगुळीत व कडा बाहेर वळविलेली पट्टी मऊ नळीस मानवते. कोंकणच्या खाऱ्या हवेंत नुसती पट्टी स्टेनलेस स्टीलची असून भागत नाहीं. स्क्रू साध्या लोखंडाचा असला तर गंज तेथूनच सुरू होतो.

माप घ्यावयाचें तें तोटीवर चढविलेल्या नळीच्या बाहेरील व्यासाचें. तो ४० मिलिमीटर भरला, तर ३२ ते ५० मिलिमीटरची क्लिप योग्य. फार मोठी क्लिप शेवटपर्यंत आवळल्यास पट्टी खऱ्या वर्तुळांत बसत नाहीं आणि स्क्रूच्या घराखालीं दाब उणा पडतो.

काम एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावें. गरम रेडिएटरचें झांकण उघडल्यास कढत पाणी उसळून हात व तोंड भाजतें. तोटीवरचें जुनें रबर व गंज खरवडून काढावा. नळी कडक झाली असेल वा तिला चिरा पडल्या असतील, तर ती बदलावी. चांगली क्लिपही मेलेल्या रबरास जिवंत करीत नाहीं. नवी नळी चढत नसल्यास तिला पाणी लावावें. तेल लावल्यास रबर फुगून निकामी होण्याचा संभव असतो.

तोटीच्या तोंडाशीं किंचित् उंचवटा असतो. नळी त्याच्या बरीच पलीकडे सरकवावी आणि क्लिप उंचवटा व नळीचें टोंक यांच्या मध्यें, टोंकापासून सुमारें ५ मिलिमीटर आंत बसवावी. उंचवट्यावर आलेली क्लिप घसरते. टोंकावर आलेली सुटते. नळी हातानें फिरेनाशी झाली कीं आवळणें थांबवावें. एंजिन एकदां तापून पुन्हां थंड झालें म्हणजे स्क्रू तपासून पाहावा व सैल झाला असल्यास बेतानें आवळावा.

पुष्कळ नव्या मोटारींत कारखान्यांतूनच स्प्रिंगची क्लिप बसवून येते. ती पक्कडीनें उघडतात. रबर आक्रसलें कीं तीही आपोआप मिटते व दाब कायम राखते. स्क्रू नाहीं म्हणून तिला कमअस्सल समजून काढून टाकूं नये.

लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं टायरांची हवा पाहण्याची चाल आहेच. त्याच वेळीं दोन्ही नळ्यांच्या तोंडांवरून कोरडें फडकें फिरवावें. तें ओलें झालें, तर घाटापूर्वींच सूचना मिळाली असें समजावें.